फ्लॉ आणि डिफेक्ट: कुठे काय वापरायचं?

मराठीत दोन्हींना ‘दोष’ म्हणून आपण मोकळे होतो आणि इंग्रजी लिहिताना अडखळतो. डिफेक्ट म्हटलं की मागे एखादं ठरलेलं माप असतं आणि वस्तू त्याला उतरत नाही. फ्लॉ म्हणायला मापाची गरज नाही, कुठेतरी कच्चेपणा आहे एवढं पुरतं.

धातूच्या तपासणीत हा फरक अगदी काटेकोर पाळतात. वेल्डच्या आत ध्वनिलहरी सोडून पाहणाऱ्या यंत्राचं नाव अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्टर. आत पोकळी आहे, स्लॅग (वेल्डिंग करताना तयार होणारा मळ) अडकलाय, हे ते दाखवतं. जोड पास की नापास, हे निकषांशी ताडून ठरतं. समजा 6 मिमी लांबीपर्यंतचा स्लॅग चालतो. मग 4 मिमीचा स्लॅग हा नुसता फ्लॉ, नोंद करायची आणि पुढे जायचं. 9 मिमीचा मात्र डिफेक्ट: तेवढा भाग ग्राइंडरने खोदून काढायचा, पुन्हा वेल्ड करायचा, पुन्हा तपासायचा. भेगेला सहसा अशी सवलत मिळत नाही, ती बारीक असली तरी डिफेक्टच धरतात. थोडक्यात, प्रत्येक डिफेक्ट हा फ्लॉ असतो, पण प्रत्येक फ्लॉ डिफेक्ट नसतो.

कारखान्याबाहेर रेषा थोडी पुसट होते. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल जुलै 1940 मध्ये खुला झाला आणि 7 नोव्हेंबरला ताशी सुमारे 64 किमी वाऱ्यात हेलकावे खाऊन कोसळला. खोट पोलादात नव्हती. रस्ता अरुंद व हलका, बाजूला जाळीऐवजी भरीव पट्ट्या, त्यामुळे वाऱ्यापुढे तो डळमळला. हा डिझाइन फ्लॉ. आराखडाच चुकला की त्यावरून बनलेला प्रत्येक नग चुकतो. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट एखाद्या नगात किंवा एखाद्या लॉटमध्ये निघतो. (वकील मात्र ‘डिझाइन डिफेक्ट’ही म्हणतात, कारण नुकसानभरपाईच्या कायद्यात तो ठरलेला शब्द आहे.)

युक्तिवाद, योजना, स्वभाव यांत फ्लॉ. जन्मजात शारीरिक व्यंगाला बर्थ डिफेक्ट. तिथे फ्लॉ लिहिलं तर कानाला खटकतं, शिवाय माणसाला हिणवल्यासारखं होतं. हिरा 10 पट भिंगाखाली आतबाहेर निर्दोष दिसला तर फ्लॉलेस. कारखान्याचं उद्दिष्ट मात्र झीरो डिफेक्ट.

सगळ्यात जास्त गोंधळ विशेषणांत होतो. फ्लॉचं फ्लॉड होतं, म्हणून डिफेक्टचं ‘डिफेक्टेड’ होईल असं वाटतं. बरोबर रूप डिफेक्टिव्ह. क्रियापद म्हणून डिफेक्टचा अर्थ आपला देश किंवा पक्ष सोडून विरोधी गोटात जाणं, जसा बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह 1961 मध्ये पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत पथकातून निसटला. तक्रारीच्या ईमेलमध्ये ‘डिफेक्टेड चार्जर’ लिहिलंत, तर चार्जर फितूर झाला असा अर्थ होतो.