मुठेवरचे पूल आणि मिरवणुकीच्या डोक्यावरची मेट्रो

पुण्याच्या पुलांचा विषय निघाला की सुरुवात पेशवाईपासून करायची, असा रिवाज आहे. तो लवकर उरकून घेऊ. 1761मध्ये, पानिपतच्या वर्षीच, मुठा नदीवर लाकडी पूल झाला. तो पुढे पुरात गेला आणि 1847मध्ये त्या जागी दगडी पूल उभा राहिला. पाटीवर संभाजी पूल, लोकांच्या तोंडी लकडी पूल. इंग्रजी अमदानीत बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल, संगमावरचा वेलस्ली पूल आणि 1923मध्ये लॉइड पूल झाला. हा शेवटचा म्हणजे आजचा शिवाजी पूल. शंभरी उलटून गेली तरी पुणेकरांसाठी तो नवा पूलच.

12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि लकडी पुलावरून पाणी गेले. त्यानंतर वस्ती कर्वे रस्ता, कोथरूड, सिंहगड रस्ता अशी पसरत गेली आणि पुलांची संख्याही वाढली. म्हात्रे पूल, राजाराम पूल, बालगंधर्वचा पूल, फक्त दुचाकींसाठीचा झेड ब्रिज अशी ती यादी आहे. (झेड ब्रिजचे अधिकृत नाव काकासाहेब गाडगीळ पूल. संध्याकाळी तिथे कठड्याला टेकून बसलेल्या जोडप्यांना ते विचारू नये.) कोंडी झाली की नवा पूल बांधायचा, नाहीतर जुन्यावर बंदी घालायची, एवढेच धोरण दिसते. लकडी पुलावर दुचाकींना कित्येक वर्षे बंदी होती, तीही याच धोरणातली.

खरे घोडे अडले ते 2021मध्ये. वनाज ते रामवाडी हा मेट्रोमार्ग डेक्कनपाशी नदीपात्राच्या कडेने जाताना लकडी पुलाच्या डोक्यावरून आडवा जातो. दोन्ही बाजूंचे खांब उभे झाले होते, मधला सांधा तेवढा बाकी होता. तेव्हा विसर्जन मिरवणुकीचा प्रश्न पुढे आला. लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात आलेली अनेक मंडळे या पुलावरून खंडुजीबाबा चौकाकडे आणि पुढे पांचाळेश्वर घाटाकडे जातात. वर मेट्रोचा पूल आला तर उंच रथ खालून जाणार कसे, असा मंडळांचा सवाल होता. महापालिकेच्या सभागृहात गदारोळ झाला आणि सप्टेंबरात काम थांबले.

मंडळांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आराखडा मंजूर होताना मिरवणुकीचा मार्ग काही गुप्त नव्हता. शहरातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ असतो. मग पुलावरची उंची ठरवताना आधी विचारायला काय हरकत होती? पण दुसरी बाजूही आहे. रथांची उंची शास्त्रात सांगितलेली नाही, ती गेल्या काही दशकांत चढाओढीने वाढत गेली. खांब झाल्यावर रूळ वर उचलायचे म्हणजे मागची-पुढची स्थानके, चढ-उतार, सगळेच उलगडून पुन्हा बसवायचे. त्यापेक्षा रथाची कमान बसती करणे सोपे. शिवाय महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. दोन्ही बाजूंचा आवाज चढण्यात तिचा वाटा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. गंमत अशी की त्या वर्षी करोनामुळे मिरवणूक निघालीच नाही. जानेवारी 2022मध्ये पोलीस बंदोबस्तात काम पुन्हा सुरू झाले आणि सांधा जुळला. 1 ऑगस्ट 2023पासून गरवारे महाविद्यालय स्थानकाच्या पुढेही गाडी धावू लागली.

या गोंधळात पुलाच्या वर किती जागा आहे, याची चर्चा झाली. खाली किती उरली, याची फारशी झाली नाही. मेट्रोचे सुमारे दीड किलोमीटरचे खांब पात्रात घेण्यावर 2016मध्ये प्रकरण हरित लवादाकडे गेले होते. अटी घालून परवानगी मिळाली. काठाला नदीपात्रातला रस्ता आणि त्याच्या बेतानेच बांधलेला बाबा भिडे पूल आधीपासून होतेच. हा पूल इतका ठेंगणा की खडकवासल्यातून विसर्ग वाढला की 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी ठरलेली. पाऊस किती झाला हे मोजायला अनेकांना तेवढे पुरते.

25 जुलै 2024ला विसर्ग 35 हजार क्युसेकच्या वर गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पात्र अरुंद झाले आहे की विसर्गाची सूचना उशिरा मिळाली, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. दोन्ही खरे असू शकते. पात्रातल्या भराव आणि राडारोड्याकडे मात्र बोट दाखवले जाते ते पूर आल्यावरच.

2025मध्ये भिडे पूल वाहनांसाठी बंद झाला, तो पुरामुळे नव्हे. डेक्कन स्थानकातून पेठांकडे जाणाऱ्या मेट्रोच्या पादचारी पुलाचे काम तिथे सुरू होते. दुचाकीवाल्यांची ओरड झाली आणि सणासुदीला तो काही दिवसांसाठी उघडावा लागला.