लिंबू-मिरची आणि ०८०६

वाळूजच्या एका कारखान्यात नेटवर्कच्या कपाटाला लिंबू-मिरची टांगलेली दिसली. नवा स्विच (संगणकांना तारांनी एकमेकांशी जोडणारा खोका) अमावास्येला बसवला म्हणून पिंग (संपर्क आहे का ते पाहणारा चाचणी-संदेश) जात नाही, असं तिथलं ठाम मत. गंमत म्हणजे संगणकांना आयपी पत्ता बरोबर मिळत होता, दिवेही हिरवे.

स्विचच्या एकाच पोर्टवर (तार जोडायच्या जागेवर) ऑफिसचं आयपीव्ही४ आणि यंत्रांचं प्रोफिनेट (कारखान्यातल्या यंत्रांची संवादपद्धत) येत असेल, तर प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची पद्धत, पाहून दोघांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) टाकता येतं. त्याचं ८०२.१व्ही हे मानक २००१ सालचं. इथरनेट फ्रेमचे (तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाचे) पहिले ६ बाइट घेणाऱ्याचा मॅक पत्ता (जोडणीचा हार्डवेअर पत्ता), पुढचे ६ पाठवणाऱ्याचा, आणि त्यानंतरचे २ आत काय भरलंय ते सांगतात. हे आकडे सोळा-आधारी: ०८०० असेल तर आयपीव्ही४, ८६डीडी असेल तर आयपीव्ही६, ८८९२ म्हणजे प्रोफिनेटचे तातडीचे संदेश. स्विचवर या आकड्यांचा गट करायचा आणि पोर्टवर तो गट व्हीलॅनला जोडायचा. व्हीलॅन क्रमांक घेऊनच आलेल्या फ्रेमला हा नियम लागत नाही.

वाळूजच्या त्या स्विचवर ०८०० ला व्हीलॅन २० दिला होता. बस्स, तेवढंच. पण संगणक गेटवेला (आपल्या नेटवर्कबाहेर नेणाऱ्या दाराला) काही पाठवण्याआधी विचारतो, ‘१९२.१६८.२०.१ कोणाचा? मॅक सांगा.’ हा प्रश्न म्हणजे एआरपी, आणि त्याचा आकडा ०८०६. नियमात तो नाही, म्हणून प्रश्न पोर्टच्या मूळ व्हीलॅन १ मध्ये जातो. गेटवे बसलाय २० मध्ये. उत्तर येत नाही, म्हणून पिंगची फ्रेम निघतच नाही. मग आयपी पत्ता कसा मिळाला? आयपी पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीची मागणी सगळ्यांना उद्देशून असते, तिला कोणाचा मॅक लागत नाही, आणि ती असते ०८०० मध्येच! स्विचचा मॅक तक्ता उघडला तर एकच संगणक १ आणि २० दोन्हीकडे दिसतो. गटात ०८०६ घातला की पिंग सुरू.

राहिलं रूटिंग, म्हणजे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पाठवणं. प्रत्येक व्हीलॅनला स्विचवर आभासी इंटरफेस आणि आयपी पत्ता द्यायचा. संगणकांसाठी तोच गेटवे. स्विच आतला आयपी पत्ता वाचतो, दोन्ही मॅक बदलतो, टीटीएल (अजून किती टप्पे जाता येईल तो आकडा) एकाने कमी करतो आणि पुढे पाठवतो. ८८९२ च्या फ्रेममध्ये आयपी पत्ताच नसतो. त्यामुळे रूटिंग कितीही चालू करा, ती आपल्या व्हीलॅनबाहेर जात नाही.