कॉइल बदलण्याआधी: गाडी मिसिंग मारते तेव्हा आम्ही काय तपासतो

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, चढावर झटके मारते, पिकअप मिळत नाही, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. यालाच गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. पहिला संशय इग्निशन कॉइलवर जातो आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. तरीही नुसत्या संशयावरून आम्ही कॉइल बदलत नाही.

बॅटरी देते १२ व्होल्ट, पण स्पार्क प्लगच्या फटीत पेट्रोल पेटवणारी ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकाची तार जाड आणि वेढे थोडे, दुसऱ्याची तार केसासारखी बारीक आणि वेढे हजारो. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत २०,००० ते ४०,००० व्होल्टपर्यंत दाब उठतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेली गाडी ३,००० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनचे ३,००० फेरे) चालत असेल, तर एकेक कॉइल हे काम मिनिटाला १,५०० वेळा करते, तेही तापलेल्या इंजिनच्या डोक्यावर बसून. (डिझेल गाडीत ही कॉइल नसतेच. तिथे मिसिंगची कारणं वेगळी.)

गाडी आली की आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. मात्र हा कोड सिलिंडर दाखवतो, दोषी भाग नाही. पी०३५१ किंवा त्यापुढचे कोड कॉइलच्या सर्किटकडे बोट दाखवतात. त्यातही कॉइल ठीक आणि कपलरची (वायर कॉइलला जोडणाऱ्या खोबणीची) पिन सैल किंवा वायर तुटलेली, असं निघू शकतं.

म्हणून आमची भिस्त एका साध्या युक्तीवर आहे. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवायची, कोड पुसायचे आणि गाडी चालवून पाहायची. मिसिंग कॉइलसोबत शेजारी गेलं, तर कॉइल खराब. जागच्या जागी राहिलं, तर प्लग, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायचं. मीटरने रेझिस्टन्सही मोजता येतो, पण काही कॉइल थंड असताना अगदी बरोबर आकडा दाखवतात आणि गरम झाल्यावर दगा देतात. त्यामुळे मिसिंग गाडी थंड असताना होतं की अर्धा तास चालवल्यावर, पावसात वाढतं का, हे आम्हाला जरूर सांगा. आमचं निम्मं काम तिथेच होतं.

कॉइल आतून रेझिनने बंद केलेली असते. ती उघडून दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. पण ती गेली कशामुळे, हे शोधलं नाही तर नवीही फार दिवस टिकणार नाही. जास्त वेळा कारण निघतं झिजलेला प्लग. त्याची फट वाढली की कॉइलला दर ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं, आणि तेवढा ताण तिचं इन्सुलेशन फार काळ सोसत नाही. गॅसवर चालणाऱ्या गाडीत मुळातच जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे प्लग वेळेवर बदलणं अधिक गरजेचं. दुसरं कारण, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खळग्यात, साचलेलं ऑइल. त्याने कॉइलचा रबरी बूट फुगतो आणि मऊ पडतो. इंजिन जोराच्या पाण्याने धुतलं, तर त्याच विहिरीत पाणी उतरतं. असं धुणं टाळा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर रेटून गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतं, तो अतिशय तापतो आणि आतून वितळू शकतो. तो बदलण्याचा खर्च कॉइलच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि आम्हाला फोन करा. इंजिन चालू असताना कॉइल उपसून पाहण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नका. जोराचा शॉक बसतो आणि ईसीएमही (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.

काम झाल्यावर काढलेली कॉइल आणि प्लग आम्ही तुमच्या हातात देतो. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी फट सोडून तिथूनच पळत होती.