बॉल स्क्रीन: दोघांचा डाव आणि तिसऱ्या डिफेंडरची जागा

बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात असलेल्या खेळाडूच्या डिफेंडरच्या वाटेत सहकाऱ्याने उभं राहायचं (हीच बॉल स्क्रीन), चेंडूवाल्याने, म्हणजे हँडलरने, त्याला घासून पुढे निघायचं, आणि डिफेंडर अडकला की स्क्रीन लावणाऱ्याने रिंगकडे वळून धावायचं (हा रोल). पिक अँड रोल सांगायला एवढंच पुरतं. हा डाव फार जुना आहे आणि त्यातली दोघांची कामं अजूनही जवळपास तीच आहेत. बदलत गेली ती या दोघांच्या डिफेंडरांच्या मदतीला येणाऱ्या तिसऱ्या डिफेंडरची जागा. त्याने कुठे उभं राहायचं हे नियमांनी ठरवलं आणि ते नियम बदलले, तसं प्रशिक्षकाला दरवेळी काहीतरी नवं शिकवावं लागलं.

डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डला १३ नियमांचा हा खेळ सुरू केला, तेव्हा चेंडू घेऊन पळायला मनाई होती. जिथे पकडला तिथूनच तो टाकायचा. ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणं, मागाहून आलं आणि त्याच्यावर बराच काळ वाद चालला. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या नियम समितीने ड्रिबल एकाच टप्प्यापुरतं ठेवायचं ठरवलं होतं. फॉग अ‍ॅलन या प्रशिक्षकाच्या पुढाकाराने बाकीचे प्रशिक्षक एकत्र आले, त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तो निर्णय मागे घेतला गेला. तो टिकला असता तर बॉल स्क्रीन वाढलीच नसती, कारण स्क्रीन ओलांडून डिफेंडरला मागे टाकायला निदान दोन ड्रिबल लागतात.

स्क्रीन कायदेशीर कधी, हे समजल्याशिवाय पुढचं शिकवता येत नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानुसार धक्का लागतो त्या क्षणी स्क्रीनर स्थिर हवा, दोन्ही पाय जमिनीवर हवेत आणि शरीर स्वतःच्या उभ्या चौकटीत हवं. डिफेंडरला समोरून दिसत असेल तर त्याला न लागता कितीही जवळ उभं राहता येतं. पाठीमागून लावली तर त्याला एक पाऊल टाकायला जागा द्यावी लागते. तो धावत असेल तर एक ते दोन पावलांचं अंतर लागतं. मूव्हिंग स्क्रीनचा फाउल स्क्रीनरच्या नावावर चढतो, पण बहुतेक वेळा चूक हँडलरची असते. तो अर्धा सेकंद आधी निघतो आणि स्क्रीनर त्याला सांभाळायला खांदा किंवा ढुंगण पुढे काढतो. म्हणून हँडलरला आधी थांबायला शिकवायचं: उलट दिशेला एक पाऊल, स्क्रीनरचे पाय रुतल्याची खात्री, मग खांदा त्याच्या कमरेला घासत बाहेर. मध्ये फट राहिली की डिफेंडर त्यातून निसटतो.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या मूळ संघटनेने १९४७ मध्ये झोन बचावावर, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्यावर, बंदी घातली. पुढे त्याला ‘इलीगल डिफेन्स’ म्हणू लागले. डिफेंडरने आपल्या माणसाबरोबर राहायचं, नाहीतर उघडपणे चेंडूवाल्यावर दुसरा म्हणून जायचं. रिंगखाली नुसतं उभं राहून वाट पाहता येत नसे. त्यामुळे तिघांना पलीकडच्या बाजूला पाठवलं की त्यांचे डिफेंडरही तिकडेच जायचे आणि अलीकडे खरोखरच दोघांविरुद्ध दोघे उरायचे. जॉन स्टॉकटन आणि कार्ल मेलोन यांनी यूटामध्ये १८ हंगाम या मोकळ्या जागेचं सोनं केलं. स्टॉकटनच्या १५,८०६ असिस्टचा (थेट बास्केट करून देणाऱ्या पासचा) मोठा वाटा याच जोडीचा. त्यांचे प्रशिक्षक जेरी स्लोन यांच्या आक्रमणात चेंडूपासून दूरच्या स्क्रीनही भरपूर होत्या, हे विसरलं जातं. मेलोनचं पाहण्यासारखं कौशल्य स्क्रीननंतर दिसायचं. डिफेंडरला पाठीवर ठेवून तो वळायचा, नजर चेंडूवर ठेवायचा आणि हात आधीच पुढे काढून धरायचा. रोल करताना चेंडूकडे पाठ फिरवणारा स्क्रीनर पास येऊनही पकडू शकत नाही, ही चूक आजही सगळ्यात जास्त दिसते.

फिबाच्या खेळात अशी बंदी नव्हती. युरोपात तिसरा डिफेंडर पहिल्यापासून लेनमध्ये (रिंगसमोरच्या आयतात) उभा राहू शकत होता. म्हणून तिथल्या प्रशिक्षकांनी बॉल स्क्रीन सुरुवातीपासूनच पाच जणांचा डाव म्हणून बसवली: कोपऱ्यातल्याने कधी वर सरकायचं, विरुद्ध बाजूच्या मोठ्या खेळाडूने कधी जागा रिकामी करायची, पास कोणत्या हाताने आणि कोणत्या उंचीवर द्यायचा. २००० मध्ये फिबाने शॉट क्लॉक (नेम घेण्यासाठी मिळणारा वेळ) ३० वरून २४ सेकंदांवर आणलं, तेव्हा लांबलचक रचनांना वेळ उरला नाही आणि बॉल स्क्रीनचं महत्त्व आणखी वाढलं.

एनबीएने २००१-०२ पासून इलीगल डिफेन्स काढून टाकलं. त्याऐवजी कोणाला न राखता लेनमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, एवढंच बंधन ठेवलं. तिसरा डिफेंडर आत आला आणि जुनी दोघांची मोकळी बाजू संपली. २००४-०५ मध्ये हाताने अडवण्यावरचा नियम कडक झाला, आणि त्याच हंगामात फिनिक्समध्ये प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांनी स्टीव्ह नॅश आणि अमारे स्टॉडमायर यांच्याभोवती नेमबाज पसरवले. संघाने ६२ सामने जिंकले. तिसरा डिफेंडर रोलरला अडवायला आला की कोपरा मोकळा, आणि तीन गुणांचा नेम ३३ टक्के लागला तरी तो दोन गुणांच्या ५० टक्क्यांच्या तोडीचा. माझ्या मते खेळातलं सगळ्यात मोठं वळण इथेच आलं. तिथून पुढे स्क्रीन शिकवताना आधी कोपरे शिकवावे लागतात. कोपऱ्यातला खेळाडू तीन गुणांच्या रेषेच्या आत दोन पावलं सरकून उभा असेल, तर त्याचा डिफेंडर रोलरलाही अडवतो आणि त्यालाही गाठतो. मग वरच्या दोघांनी कितीही चांगलं केलं तरी उपयोग नाही.

बचावानेही उत्तरं शोधली. प्रशिक्षक टॉम थिबोडो यांच्या संघांनी ‘आइस’ रुळवलं. बाजूच्या स्क्रीनवर चेंडूवाल्याच्या डिफेंडरने मधल्या बाजूला उभं राहून त्याला स्क्रीन वापरूच द्यायची नाही, त्याला बेसलाइनकडे (रिंगमागच्या रेषेकडे) ढकलायचं, आणि मोठ्या डिफेंडरने खाली वाट पाहायची. यावर उपाय कोनात आहे. स्क्रीनरने पाय फिरवून पाठ बेसलाइनकडे करायची, म्हणजे ज्या बाजूला हँडलरला ढकललं जातंय त्याच बाजूची स्क्रीन तयार होते. दोघे डिफेंडर धावून चेंडूवर आले, तर स्क्रीनरने रिंगपर्यंत न जाता फ्री-थ्रो रेषेजवळ थांबायचं आणि तिथे पास घ्यायचा. पुढे तिघांविरुद्ध चौघे उरतात. गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीवर दोघे गेले की त्याचा सहकारी ड्रेमंड ग्रीन नेमकं हेच करायचा, आणि चेंडू हातात येण्याआधी त्याने दोन्ही कोपरे पाहिलेले असायचे. मोठ्या खेळाडूंना पकड आणि पास शिकवण्यात सराव-सत्राचा मोठा भाग जाऊ लागला तो या काळात.

स्क्रीनरचा डिफेंडर स्क्रीनच्या खूप मागे, लेनमध्ये बसू लागला, त्याला ड्रॉप म्हणतात. त्यावर आक्रमणाने स्वतःचाच तिसरा माणूस आणला. सर्जिओ स्कारिओलो यांच्या स्पेन संघामुळे ‘स्पेन पिक अँड रोल’ हे नाव रुजलं. स्क्रीनर रोलला निघाला की लेनमध्ये उभा असलेला नेमबाज त्याच्या मागे बसलेल्या डिफेंडरला पाठीमागून स्क्रीन लावतो आणि लगेच तीन गुणांच्या रेषेबाहेर निघतो. इथे वेळ सगळं ठरवते. पाठीमागची स्क्रीन लवकर लागली तर डिफेंडर ती पाहतो, उशिरा लागली तर रोलर त्याच्याच अंगावर आदळतो. खूण सोपी आहे: हँडलरचा खांदा स्क्रीनरच्या कमरेला लागला, की तिसऱ्याने निघायचं.

मग सगळेच डिफेंडर स्क्रीन लागली की आपापल्या माणसांची अदलाबदल, म्हणजे स्विच, करू लागले. स्विचमध्ये अडकायला कोणी उरतच नाही. २०१६ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटविरुद्ध क्लीव्हलँडने करी ज्याला राखत होता त्या खेळाडूलाच पुन्हा पुन्हा स्क्रीन लावायला वर आणलं, म्हणजे स्विच झाल्यावर करी लेब्रॉन जेम्स किंवा कायरी अर्विंगसमोर यायचा. दुसरं उत्तर घोस्ट स्क्रीनचं. स्क्रीन लावायला धावत यायचं, पण थांबायचंच नाही. हँडलरजवळून तसंच तीन गुणांच्या रेषेबाहेर निघायचं. दोन्ही डिफेंडर ‘स्विच’ म्हणून ओरडतात आणि क्षणभर दोघेही चेंडूकडेच पाहतात. हे शिकवताना स्क्रीनरचा वेग खऱ्या स्क्रीनइतकाच असला पाहिजे. शेवटच्या दोन पावलांत तो मंदावला की डिफेंडर ओळखतो. हँडलरनेही त्याच क्षणी विरुद्ध दिशेला ड्रिबल टाकायचं असतं. तो जागेवर उभा राहिला तर दोघांचे डिफेंडर आरामात आपापल्या माणसाकडे परततात.