कपाटात अर्धा लिटर पाणी

घर आवरण्याचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर पावसासारखे कोसळतात. खोली लहान असेल तर कपाट भिंतीला चिकटवा, कपडे ठासून बसवा, उरलेले प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात कोंबून दिवाणाखाली सरकवा. दिसायला झकास! पण हे शहाणपण कोरड्या हवेच्या मुलखातलं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे असं कपाट जुलैत भरून थेट गणपतीला उघडलं, तर चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव आणि खळ घातलेल्या साडीवर बुरा ठरलेला. मग सगळे म्हणतात, पावसाळी हवाच ओली, तिला कोण काय करणार?

हवेत मे महिन्यात किती पाणी असतं ते आधी बघू. दुपारी ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम बाष्प निघतं. आता जुलै घ्या: २८ अंश, ८५ टक्के. उत्तर पुन्हा साधारण २३ ग्रॅमच! हवेतलं पाणी तेवढंच आहे, उतरलं ते तापमान. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, गार हवेत कमी. जेवढं मावू शकतं त्याच्या किती टक्के आत आहे, ती सापेक्ष आर्द्रता. बुरशीला मतलब या टक्क्यांशी. एखाद्या पृष्ठभागालगत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता बरेच दिवस टिकली की हवेतून येऊन पडलेले बीजाणू रुजतात. खायला त्यांना खळ, घाम, धूळ, पुस्तकाचा डिंक, काहीही चालतं.

आता तीच जुलैची हवा कपाटामागे न्या. बाहेरून पावसाने भिजलेली चिऱ्याची भिंत खोलीपेक्षा गार असते. ती २६ अंशांवर असेल, तर तिच्यालगत ८५ टक्क्यांचे ९५ होतात. २५ अंशांवर असेल तर पुरे १००, म्हणजे भिंतीला घाम फुटतो. खोलीत पंखा फिरतो, माणसांचा वावर असतो, तिथली हवा खेळती राहते. कपाटाच्या पाठीमागची हवा तिथेच थिजते, भिंतीइतकी गार होते आणि कपाटाची पाठ महिनाभर ओल धरून बसते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं आणि खाली पाट नाहीतर विटा द्यायच्या. चार बोटं जागा गेली म्हणून लहान खोलीत हळहळ वाटेल, पण मागच्या कप्प्यातले कपडे फेकून द्यावे लागण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं.

कपाट नैऋत्येला ठेवा, असं वास्तुशास्त्रवाले छातीठोकपणे सांगतात. कोकणात पाऊस येतो तोच नैऋत्येकडून. झड त्याच भिंतीवर बसते, म्हणून आपल्या वाडवडिलांनी तिकडे पडवी काढली, पावसाआधी माडाची झापं बांधली. फ्लॅटला ना पडवी ना झापं, आणि ओल धरणाऱ्या नेमक्या त्या कोपऱ्यात लग्नातले शालू!

आता हवाबंद डबा. पन्नास लिटरच्या डब्यात पाच किलो सुती कपडे भरले, तर त्यातल्या हवेत बाष्प जेमतेम एक ग्रॅम. पण सुती धागा स्वतः पाणी धरतो. ८५ टक्के आर्द्रतेत तो आपल्या वजनाच्या सुमारे दहा टक्के पाणी शोषून बसतो, आणि तरी हाताला कोरडाच लागतो. पाच किलोंमागे अर्धा लिटर! जुलैत डबा बंद केलात की हे पाणी आत कोंडलं. कपडे आतल्या हवेला आपल्याच आर्द्रतेवर आणून ठेवतात. बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी आपल्या वजनाच्या तिसरा हिस्सा, फार तर थोडं जास्त पाणी घेते. म्हणजे दोन ग्रॅम. अर्ध्या लिटरपुढे दोन ग्रॅम! डांबराच्या गोळ्या आणि कापूर तर पाणी घेतच नाहीत. त्यांचा वास किड्यांसाठी.

यावर उपाय आगोटीतच, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीतच आहे. सोडे, आमसुलं, सांडगे मे महिन्यात खडखडीत वाळवून डबे लावतो, तेच कपड्यांचं करायचं. उन्हात चादर ४५ अंशांपर्यंत तापली की तिच्यालगत त्याच ६५ टक्क्यांचे ३४ होतात आणि धाग्यातलं पाणी निम्म्यावर येतं. ‘रात्रभर गार होऊ द्या, मग ठेवा’ असं सांगतात, तिथे घात होतो. रात्री उघड्यावर कपडा दिवसभर सोडलेलं पाणी परत पितो. ऊन उतरायच्या आत घडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. असा डबा मात्र पावसात मधेच उघडायचा नाही. रोजचे कपडे याच्या उलट: ते हवाबंद नकोत, कप्पा पाऊणच भरावा, म्हणजे घड्यांमधून हवा फिरते.

जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर बियाणं टिकायचं ते याच गणितानं. खालच्या उबेने तिथले टक्के उतरलेले असायचे. आता चूल गेली, माळा राहिला, आणि त्यावर टीव्हीची, मिक्सरची, पंख्याची रिकामी खोकी चढली. पुठ्ठा ओल धरतो, बुरशीचं अन्नही तोच आणि वाळवीचंही. घरात पसारा कमी करायचा तर सुरुवात इथून करा. वॉरंटी संपलेल्या वस्तूंची खोकी पावसाआधीच बंबात घाला.