मंकलंड्स: दोन गावांना जोडणारी २१ वर्षांची परिषद

एअर्ड्री आणि कोटब्रिज ही ग्लासगोच्या पूर्वेकडची गावे इतकी शेजारी, की एकाचे शेवटचे घर कुठे संपते आणि दुसऱ्याचे पहिले कुठे सुरू होते ते चालता चालता कळत नाही. १९७५ मध्ये या दोघांना आणि भोवतालच्या खाणवस्त्यांना मिळून मंकलंड्स डिस्ट्रिक्ट हा स्थानिक कारभाराचा विभाग तयार झाला. १९९६ मध्ये तो संपला. मधल्या काळातला या दोन गावांमधला वाद समजायचा, तर आधीची दोनशे वर्षे पाहावी लागतात.

नाव मठातून आले आहे. राजा चौथा माल्कम याने ११६२ मध्ये ही जमीन न्यूबॅटलच्या सिस्टर्शियन मठाला दिली, म्हणून ती ‘मंकलंड’, म्हणजे मठवासी भिक्षूंची भूमी. पुढे त्या परगण्याचे ओल्ड मंकलंड आणि न्यू मंकलंड असे दोन पॅरिश (चर्चचे विभाग) झाले. कोटब्रिज पहिल्यात वाढले, एअर्ड्री दुसऱ्यात. म्हणजे नाव एक असले तरी वाटणी जुनीच होती.

एअर्ड्री आधी मोठे झाले. हातमागावरच्या विणकरांचे हे गाव १८२१ मध्ये बरो झाले, म्हणजे त्याला स्वतःची पालिका मिळाली. सार्वजनिक ग्रंथालयाचा कायदा स्कॉटलंडमध्ये सर्वांत आधी, १८५३ मध्ये, याच गावाने स्वीकारला. कोटब्रिजला पालिका मिळाली ती १८८५ मध्ये, पण तोवर त्याने शेजाऱ्याला उद्योगात मागे टाकले होते.

त्यामागे तीन गोष्टी होत्या. जेम्स वॉटने आखलेला मंकलंड कालवा. त्याने इथला कोळसा थेट ग्लासगोला पोचवला. १८०१ मध्ये डेव्हिड मशेटने ओळखलेला ‘ब्लॅकबँड’ लोहदगड. आणि १८२८ मध्ये जेम्स ब्यूमाँट नीलसनने पेटंट घेतलेली तापवलेल्या हवेची भट्टी. ही तिसरी गोष्ट निर्णायक ठरली. क्लाइड कारखान्यात १८२९ मध्ये थंड हवेवर एक टन लोखंडाला सुमारे ८ टन कोळसा लागत होता. गरम हवेने तो पुढच्याच वर्षी सुमारे ५ टनांवर आला, आणि १८३३ मध्ये हवा आणखी तापवून, कोक या भाजलेल्या कोळशाऐवजी कच्चा कोळसाच वापरल्यावर, सव्वादोन टनांच्या आसपास. ब्लॅकबँडमध्ये मुळातच कोळसा मिसळलेला असतो, त्यामुळे तो भाजायला वेगळे इंधन जवळजवळ लागत नाही. स्वस्त लोखंडाचे गणित इथे जमले आणि कोटब्रिज भट्ट्यांचे गाव बनले. मजूर मोठ्या संख्येने आयर्लंडहून आले, त्यांत बहुतेक कॅथलिक. एअर्ड्रीत प्रोटेस्टंटांचे वजन अधिक राहिले. शेजाऱ्यांमधल्या चुरशीला धर्माची किनार आली ती अशी.

आता १९७५. लॉर्ड व्हीटली यांच्या शाही आयोगाने १९६९ मध्ये जुनी व्यवस्था मोडायला सांगितले. त्यानुसार १९७३ चा कायदा झाला, ७ मे १९७४ रोजी निवडणुका झाल्या आणि १६ मे १९७५ पासून कारभार बदलला: ९ रीजन (मोठे प्रादेशिक विभाग), त्यांच्याखाली ५३ डिस्ट्रिक्ट, आणि वेगळ्या ३ बेट-परिषदा. मंकलंड्स हा स्ट्रॅथक्लाइड रीजनच्या १९ डिस्ट्रिक्टांपैकी एक. आपल्या ‘जिल्ह्या’शी त्याची गल्लत करू नये. इथे जिल्हाधिकारी नव्हता, आणि शाळा, पोलीस, पाणी, मुख्य रस्ते हे सगळे रीजनकडे होते. डिस्ट्रिक्टच्या हाती उरली पालिकेची घरे, कचरा, ग्रंथालये, उद्याने, क्रीडाकेंद्रे, स्थानिक बांधकाम परवानग्या. जुनी कागदपत्रे शोधणारे नेमके इथे चुकतात: त्या काळातल्या शाळेची फाईल मंकलंड्सच्या दप्तरात नसते, घराच्या भाडेकराराची असते.

आमच्या मते वादाचे बीज याच कामवाटपात होते. डिस्ट्रिक्टकडची कामे ‘कोणत्या गावात’ या प्रश्नाशी बांधलेली होती, आणि दोन जुन्या पालिकांना एकाच तिजोरीवर बसवले होते. समरली लोखंड कारखान्याच्या जागेवरचे संग्रहालय १९८८ मध्ये उघडले, टाइम कॅप्सूल हे पोहणे व बर्फावरच्या स्केटिंगचे केंद्र १९९१ मध्ये. दोन्ही कोटब्रिजमध्ये. संग्रहालयाला तिथेच जागा होती हे खरे, पण एअर्ड्रीच्या लोकांनी हिशेब मांडला तो गावागावाचा. सत्ताधारी मजूर पक्षातल्याच एअर्ड्रीच्या नगरसेवकांनी, आपल्याला निर्णयांतून वगळले जाते, अशी तक्रार केली. नोकऱ्यांत नातलगांना झुकते माप मिळते, असेही आरोप झाले.

मजूर पक्षाचे नेते जॉन स्मिथ १२ मे १९९४ रोजी वारले. ते इथल्याच मंकलंड्स ईस्ट मतदारसंघाचे खासदार होते. १९९२ मध्ये त्यांचे मताधिक्य १५,७१२ होते. ३० जूनच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्याच हेलन लिडेल जिंकल्या, पण १,६४० मतांनी. या घसरणीत स्थानिक वादाचा वाटा मोठा होता. कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट ब्लॅक यांच्या १९९५ च्या अहवालाने तक्रारींना बळ दिले. त्यानंतर वकील विल्यम निमो स्मिथ यांच्या वैधानिक चौकशीत आरोप सिद्ध झाले नाहीत. या दोन निष्कर्षांपैकी एकच सांगितला जातो तेव्हा चित्र अपुरे राहते.

१ एप्रिल १९९६ रोजी दोन पातळ्यांची व्यवस्थाच गेली. मंकलंड्स, मदरवेल, कंबरनॉल्ड-किलसाइथ आणि स्ट्रॅथकेल्विनचा क्रायस्टनकडचा तुकडा मिळून नॉर्थ लॅनार्कशायर परिषद झाली, मुख्यालय मदरवेलला. पुढच्याच वर्षी मतदारसंघांच्या नावांतूनही मंकलंड्स गळाले: एअर्ड्री शॉट्सशी जोडले गेले, कोटब्रिज क्रायस्टनशी. जुने नाव रोजच्या बोलण्यात टिकले आहे ते मुख्यतः १९७७ च्या मंकलंड्स रुग्णालयामुळे, आणि ते आहे एअर्ड्रीत.