लोहार, लिंबूवाला आणि भातखाचर

अनेक मोटारींची नावं म्हणजे मुळात माणसांची आडनावं. त्यांतलं फेरारी हे आडनाव इटलीत अगदी सर्रास आढळतं. मूळ अर्थ लोहार. ‘फेर्रो’ म्हणजे लोखंड. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, हंगेरीतला कोवाच आणि अरबांचा हद्दाद हेही लोहारच. जगात इतके लोहार आले कुठून? आडनाव पडतं ते एकाच नावाच्या दोघांतला फरक कळावा म्हणून. शेती बहुतेक सगळेच करत, त्यामुळे ‘शेतकरी’ म्हणून काही ओळख पटत नसे. लोहार मात्र गावात एखादाच. पुढे आडनावं कागदोपत्री कायम झाली आणि कधी घण न उचललेले नातू-पणतूही लोहारच राहिले.

सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीच्या नावाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. तिचे संस्थापक आंद्रे सित्रोएन यांचे पूर्वज हॉलंडमध्ये लिंबूवर्गीय फळं विकत, म्हणून घराण्याला ‘लिमुनमान’, म्हणजे लिंबूवाला, हे आडनाव पडलं. पुढच्या पिढीने ते बदलून ‘सित्रून’ केलं. डच भाषेत तेही लिंबूच! घराणं पॅरिसला आल्यावर नावातल्या ‘e’ अक्षरावर दोन टिंबं चढली, उच्चार फ्रेंच झाला आणि 1919 मध्ये ते नाव मोटारींवर झळकलं.

जपानी आडनावांत धंद्यापेक्षा जमीनच जास्त दिसते. 1875 मध्ये तिथे प्रत्येकाला आडनाव सक्तीचं झालं. होंडा म्हणजे मूळचं भातखाचर, तोयोदा म्हणजे सुपीक भातखाचर. तोयोदांनी मोटारींसाठी मात्र ‘टोयोटा’ हे रूप निवडलं, कारण जपानी काताकाना लिपीत ते 8 फटकाऱ्यांत लिहून होतं आणि 8 हा आकडा तिथे शुभ मानतात. इशिबाशी म्हणजे दगडी पूल. शोजिरो इशिबाशींनी या दोन शब्दांचं इंग्रजी करून क्रम उलटा लावला, आणि 1931 मध्ये टायर बनवणारी ब्रिजस्टोन कंपनी उभी राहिली.

जर्मनीचे मोटार कारखानदार आउगुस्ट हॉर्च यांच्यावर तर स्वतःचंच आडनाव गमावण्याची पाळी आली. 1909 मध्ये ते स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले आणि नव्या कंपनीलाही त्यांनी ‘हॉर्च’ नाव दिलं. जुनी कंपनी कोर्टात गेली आणि जिंकली. एका सहकाऱ्याच्या घरी नव्या नावाचा खल चालला असताना, तिथेच लॅटिनचा अभ्यास करत बसलेल्या त्या सहकाऱ्याच्या मुलाने तोडगा सुचवला. जर्मनमध्ये ‘हॉर्च’ म्हणजे ‘ऐक’. लॅटिनमध्ये तेच ‘आउडी’. आपण ज्याला ऑडी म्हणतो ते हेच. 1932 मध्ये ऑडी आणि हॉर्चसह चार कंपन्या एकत्र आल्या. ऑडीच्या बोधचिन्हातली चार वर्तुळं त्यांचीच, आणि त्यांतलं एक हॉर्चचं आहे.